गोदूकाकूंचा सहावा ग्लास

दिवेआगरच्या गोदूकाकूंकडे काचेचे ग्लास सहा. पाच पाहुण्यांना सरबत द्यायला आणि सहावा अंगाला लावायला. हा सहावा स्वयंपाकघरात कधी नसतोच. देवघराशेजारच्या कोनाड्यात, स्वच्छ पंच्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्यातून पाणी प्यायची मास्तरांचीसुद्धा प्राज्ञा नाही. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान, मार्तंडराव. बोर्ली पंचतनच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि आता वाडीतल्या पोफळींना पाणी घालताना त्यांना गणितं घालतात.

आळीतल्या कुणाच्या पोराच्या अंगावर काही उठलं, की आई त्याला काखोटीला मारून येते. "काकू, जरा ग्लास लावता?" काकू हात धुतात, पोराला ओटीवर उजेडात बसवतात, ग्लासाची बाजू पुरळावर दाबतात आणि काचेतून बघत राहतात. काचेखाली लाली फिकी पडली की सांगतात, "फिकं पडतंय. आत्ता तरी घाबरण्यासारखं नाही." मास्तर आतून ओरडतात, "डॉक्टरीणबाई, पेशंट संपले असतील तर चहा टाका!" एकदा डासांनी मास्तरांची पाठ फोडून काढली होती, तेव्हा त्यांनाही उघडं बसवून ग्लास लावला होता, हे साऱ्या आळीला माहीत आहे.

गेल्या जानेवारीपासून मात्र क्रम बदलला. आता ग्लास नंतर. आधी काकू पोराला मांडीवर घेतात आणि त्याचे तळपाय आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवतात. का, ते सांगायचं तर आधी ग्लासाचीच गोष्ट सांगायला हवी.

काकूंचा मुलगा अनीश न्हावा शेवाला एका मालवाहतूक कंपनीत आहे. बायको अनुया आणि मुलगी क्षिप्रा यांच्यासह तो उलव्याला राहतो. क्षिप्रा दोन वर्षांची असताना मे महिन्यात तिघं दोन दिवसांसाठी दिवेआगरला आली होती. सोबत अनुयाची मैत्रीण आणि तिचा नवराही होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी नातीचं झबलं काढलं, तर पाठभर लाल लाल बारीक पुरळ. त्यांनी असा काही गहजब केला, की जेवणाची ताटं तशीच टाकून सगळे गाडीत बसले आणि बोर्लीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली आणि हसून म्हणाल्या, "घामोळं आहे हो आजी."

अनुया कानकोंडी झाली. बाईंना बहुधा काकूंची दया आली. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास रिकामा केला, क्षिप्राच्या पाठीवर दाबला आणि काकूंना दाखवलं. "हे बघा, फिकं पडतंय. असं पडलं तर एवढं घाबरायचं नाही. ताप आहे आणि दाबूनही डाग तसाच राहतोय, तर मात्र एक मिनिट वाट बघायची नाही." त्या पुढेही काही सांगत होत्या. काकू मान डोलावत होत्या, पण त्यांचं लक्ष होतं सुनेच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा त्यांना मुळीच आवडला नाही.

परतताना गाडीत अनुया म्हणाली, "आई, दर वेळी असं घाबरवलंत तर आम्ही यायचं कसं?" आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर काकूंना बरं वाटलं असतं, कारण भांडण झालं की मिटवता येतं. अनुयानं भांडण केलंच नाही. त्यानंतर फक्त येणं राहत गेलं. आधी शाळेचा प्रवेश, मग अनीशच्या पाळ्या, मग क्षिप्राचा खोकला. प्रत्येक कारण खरं होतं आणि कुठल्याच कारणावर बोट ठेवता येत नव्हतं. बघता बघता पावणेतीन वर्षं गेली.

ह्या पावणेतीन वर्षांत काकूंनी काय केलं, तर आळीतल्या पोरांना ग्लास लावला. पुढच्या वेळी आपण चुकायचं नाही, उगीच आरडाओरडा करायचा नाही, शहाण्यासारखं वागायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सावरीचा कापूस जमवून एक वीतभर रुंदीची उशी शिवली. आतून मऊ, वरून जुन्या इरकल साडीचं कापड. आठवड्यातून एकदा मोबाइलवर क्षिप्रा दिसायची. अर्धा वेळ तिचं कपाळच दिसायचं. "आजी, हे बघ माझा दात," म्हणून ती फोन तोंडात घालायची आणि काकू त्या अंधाऱ्या पडद्याकडे बघून म्हणायच्या, "छान आहे हो."

त्यांना काय हवं होतं, तर फार काही नाही. नात एकदा आपल्या मांडीवर झोपावी. बस. अनीश लहान असताना ही बाई वाडीत, गोठ्यात, सासूच्या आजारपणात अशी गुंतली होती, की तो कधी झोपायचा नि कधी उठायचा हे शेजारणीला जास्त ठाऊक होतं. ते एक राहून गेलं होतं. आता वेळच वेळ होता. वादळानं वाडी झोपवली तेव्हापासून कामही निम्म्यावर आलं होतं. रिकाम्या मांडीचं करायचं काय, हा प्रश्न मास्तरांच्या गणितात बसणारा नव्हता आणि काकूंनी तो त्यांना कधी घातलाही नाही.

जानेवारीत फोन आला. "आई, सव्वीस जानेवारी सोमवारी आलीय. शुक्रवारी येतो, सोमवारी निघू." पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या घरच्या दोन खोल्या होत्या, काकूंनी दोन्हींचं बुकिंग रद्द करून टाकलं. ऐन हंगामातला शनिवार-रविवार! मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अगं, ती तिघं एका खोलीत मावतात," ते म्हणाले. "दुसरी कशाला रिकामी?" काकू म्हणाल्या, "क्षिपूला पळायला."

शुक्रवारी संध्याकाळी क्षिप्रा उतरली ती आईच्या पायाला धरूनच. शनिवारी सकाळी काकूंनी पोफळीची गळलेली विरी आणली. झापाचं ते रुंद बूड म्हणजे कोकणातल्या पोरांची गाडीच. तिच्यावर नातीला बसवलं आणि झाप धरून वाडीभर ओढलं. साठी उलटलेल्या बाईचे गुडघे ओरडत होते आणि पोरगी वरून ओरडत होती, "अजून! अजून!" दुपारपर्यंत दोघींची गट्टी जमली. रात्री जेवताना क्षिप्रानं जाहीर केलं, "उद्या दुपारी मी आजीच्या मांडीवर झोपणार." अनुया हसली. "घरी तर दुपारी झोपायचं नाव घेत नाही." काकूंनी नातीच्या भातावर आणखी चमचाभर तूप घातलं.

रविवारी सकाळी क्षिप्राचं अंग कोमट लागलं. अनुयानं थर्मामीटर लावला. थोडा ताप होता. त्या दिवशी तिनं आणि अनीशनं श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरला जायचं ठरवलं होतं, दोघंच, क्षिप्रा झाल्यापासून पहिल्यांदा. "राहू दे," अनुया म्हणाली. अनीश म्हणाला, "काल उन्हात हुंदडलीय, त्याचा शीण असेल. औषध दे, उतरेल." अनुयानं औषध दिलं आणि केस विंचरायला आत गेली.

तेवढ्यात काकूंनी नातीचा फ्रॉक बदलायला घेतला आणि त्यांचा हात थबकला. पोटावर आणि मांडीवर सात-आठ गुलाबी ठिपके होते. काकूंनी तिला उचलून देवघराकडे नेलं. कोनाड्यातून ग्लास काढला, पोटावर दाबला. ठिपके फिकट झाले. मांडीवर दाबला, तिथेही तसंच झालं.

त्या क्षणी काकूंना बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की अनुया, अंगावर पुरळ आहे, ताप आहे, तू बघ. एका वाक्याचं काम. पण हे वाक्य उच्चारलं की पुढचं सगळं त्यांना दिसत होतं. अनुया जाणार नाही. दुपारपर्यंत बॅगा भरल्या जातील. "तिथलेच डॉक्टर बरे" म्हणून गाडी उलव्याला निघेल आणि पुढची पावणेतीन वर्षं फोनच्या पडद्यावर कपाळ. आणि हेही घामोळंच निघालं, तर? काकूंनी स्वतःला बजावलं, फिकं पडलं ना? मग झालं. त्यांनी फ्रॉक खाली ओढला.

"आई, बघाल ना? काही वाटलं तर लगेच फोन करा," गाडीत बसताना अनुया म्हणाली.

"अगं, निवांत जा गं. मी आहे ना," काकू म्हणाल्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत नातीचा हात धरून तो हलवत राहिल्या.

थोड्या वेळानं क्षिप्रा पोट खाजवू लागली. काकूंनी ठरवून टाकलं, पित्त उठलंय. अंगावर पित्त उठलं की आमसुलं भिजत घालायची आणि ते पाणी अंगाला चोळायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. काकूंनी मूठभर आमसुलं भिजवली, चांगली कुस्करली आणि त्या लालभडक पाण्यानं नातीचं पोट, पाठ, मांड्या, दंड सगळं चोळलं. "आजी, मी सरबत झाले," क्षिप्रा म्हणाली. पण म्हणाली ती हळू आवाजात, आणि हसली नाही.

अकरा वाजता मऊ भात केला, मेतकूट घातलं. तिनं मान फिरवली. काकू ओटीवर पाय पसरून बसल्या तशी ती रांगत आली आणि मांडीवर डोकं ठेवलं. "आजी, झोपू?"

"झोप गं माझी बाय." काकूंनी इरकलीची उशी डोक्याखाली सारली. पोरीचे केस कपाळावरून मागे केले. वाडीत पाटाचं पाणी वाहत होतं, सुपारी सोलायला बसलेले मास्तर डोळे मिटून पेंगत होते. आयुष्यात एखादी गोष्ट जशी हवी होती तशीच मिळते आहे, असं काकूंना वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. अर्धा तास त्या हलल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलल्या नाहीत.

मग नातीच्या पायावर पांघरूण ओढताना त्यांचा हात तिच्या पावलाला लागला. पाऊल गार होतं.

कपाळ तर तापलेलं. काकूंनी दुसरं पाऊल चाचपलं. तेही गार. तळहात गार. "क्षिपू," त्यांनी हाक मारली. "क्षिपू, ऊठ बघू. खाऊ देते." पोरगी कण्हली. डोळे अर्धवट उघडले, उजेड लागताच मिटले आणि तोंड काकूंच्या पोटात लपवलं. मान सरळ करायला गेल्या तर रडली, आणि ते रडणं नेहमीचं नव्हतं.

काकूंनी ग्लास आणला. पोटावर दाबला. काचेखाली लालच दिसत होतं. पण ते पुरळ होतं की आमसूल? त्यांनी मांडीवर दाबला. तिथेही लाल. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. आमसुलाचा रंग कसला जातोय! आपल्याच हातानं आपण पोरीला असं रंगवून ठेवलंय, की आत काय चाललंय ते दिसायची सोय उरली नाही, हे काकूंच्या लक्षात आलं.

आणि तेव्हा, पावणेतीन वर्षांनी, त्या डॉक्टरीणबाईंचं उरलेलं बोलणं त्यांना ऐकू आलं. कान तेव्हाही उघडेच होते, मन तेवढं सुनेच्या तोंडाकडे लागलेलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "पण आजी, सगळा भरवसा ग्लासावर टाकू नका. सकाळी फिकं पडलेलं दुपारी पडेलच असं नाही, पुन्हा पुन्हा बघायचं. आणि पुरळ बघता बघता पोर बघायचं विसरू नका. ताप आहे, हातपाय गार आहेत, पोर सुस्त पडलंय, रोजच्यासारखं वाटत नाही, तर ग्लास ठेवून द्यायचा आणि निघायचं." साऱ्या आळीला काकूंनी पहिलं अर्धं वाक्य वाटलं होतं. दुसरं त्यांच्याच जवळ पडून राहिलं होतं.

पावलांना आमसूल लागलं नव्हतं. काकूंनी पाऊल उजेडाकडे वळवलं. टाचेच्या वर, आतल्या बाजूला चार ठिपके. गुलाबी नव्हते, जांभळे होते. ग्लास दाबला. ते जसेच्या तसे राहिले.

"अहो, उठा! बोर्लीला जायचंय."

मास्तर दचकून उठले. नातीकडे पाहिलं, काकूंच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. "झालं का तुझं सुरू? अगं, पोरगी झोपलीय. इतक्या वर्षांनी आलीत ती, पळवून लावू नकोस त्यांना!"

"पळाली तर पळू देत," काकू म्हणाल्या. "पुन्हा नाही आली तरी चालेल मला. पोर राहिली पाहिजे."

मास्तरांनी फोन हातात घेतला. अनीशला फोन लावला तर लागेना. श्रीवर्धनकडून परतताना लागणाऱ्या शेखाडीच्या रस्त्यावर रेंजची बोंबच असते. काकू नातीला पदरात गुंडाळून अनवाणीच रस्त्यावर आल्या. कोपऱ्यावर विनेश रिक्षा धूत होता. त्याच्या धाकटीला काकूंनी ग्लास लावलेला, म्हणून पोरीचं काही खरं नाही हे त्यानं एका नजरेत ओळखलं. हातातली बादली तशीच सोडली.

"बसा काकू. चावी हाय रिक्षालाच."

"विनेश, हळू नको हो चालवू."

"न्हाय, न्हाय. तुम्ही पोरीला धरा फकस्त. मास्तर, तुम्ही फोन लावीत ऱ्हा."

दिवेआगर ते बोर्ली अंतर ते किती! पण त्या दिवशी तो रस्ता संपेना. क्षिप्रा मांडीवर होती. डोकं काकूंच्या कोपरात, पाय मास्तरांच्या मांडीवर. तिचे डोळे पुन्हा पुन्हा मिटत होते आणि काकू तिचा गाल थोपटत होत्या. "क्षिपू, झोपू नको गं. बघ, बैल बघ. बघ, विनेशकाकाच्या रिक्षातली घंटी. तुझा दात दाखव ना मला. झोपू नको गं राजा." जिला मांडीवर झोपवायला ही बाई इतकी तळमळली, तिलाच मांडीवर घेऊन ती जागं राहायला विनवत होती. हे काकूंच्याही लक्षात आलं आणि त्यांना रडू फुटलं. तरी तोंडाचा धावा थांबला नाही.

रविवार असल्यामुळे दवाखान्यात रांग नव्हती. डॉक्टर मागच्या क्वार्टरमधून धावत आले. त्या जुन्या बाईंची बदली झाली होती, हे नवे होते. त्यांनी क्षिप्राला टेबलावर घेतलं. "हे लाल काय आहे अंगावर?"

"आमसूल लावलंय. पाय बघा. पावलांना नाही लावलेलं."

डॉक्टरांनी पाय पाहिले, मान वाकवून पाहिली, बोटाचं नख दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. सिस्टरला इंजेक्शनचं नाव सांगितलं. "पुरळ कधीपासून?"

मास्तर म्हणाले, "आत्ताच दिसलं, बारा वाजता."

"सकाळी आठपासून," काकू म्हणाल्या. "आठ वाजता गुलाबी होतं. ग्लासाखाली फिकं पडत होतं. मी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरांनी फक्त लिहून घेतलं. "नीट सांगितलंत ते बरं झालं," ते म्हणाले. "रक्तात संसर्ग पसरतोय असं दिसतंय. मेंदूच्या आवरणापर्यंतही गेला असू शकतो. पहिला डोस आत्ता देतो. थांबायला वेळ नाही, अँब्युलन्स बोलावलीय, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं."

विनेशच्या फोनवरून शेवटी अनीश सापडला. अँब्युलन्स दारात लागली आणि मागोमाग त्यांची गाडी येऊन थांबली. अनुया धावत आली. मुलीच्या हाताला सुई, नाकातोंडावर ऑक्सिजन, अंगभर लाल रंग. हा रंग कसला, हे कुणी सांगेपर्यंत तिला काय वाटलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. तोंड चुकवायला जागा होती, मास्तर होते, खांब होता. काकू पुढे झाल्या. "अनुया, सकाळी तुम्ही निघायच्या आधी मला पुरळ दिसलं होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" अनुया म्हणाली. "तुम्ही सांगितलं असतंत तर आम्ही गेलोच नसतो, आई!"

"म्हणूनच नाही सांगितलं," काकू म्हणाल्या.

अँब्युलन्समध्ये एकट्या अनुयापुरती जागा होती. दार बंद झालं.

नवी मुंबईच्या हॉस्पिटलात पाच दिवस क्षिप्रा अतिदक्षता विभागात होती. काकू अनीशबरोबर आल्या आणि परत जायचं नाव काढेनात. रोज सकाळी उलव्याच्या फ्लॅटमध्ये पोळी-भाजी करायची, डबा घेऊन रिक्षानं यायचं आणि अतिदक्षताच्या बाहेर भिंतीलगतच्या खुर्चीवर बसायचं. आत दिवसातून दोनदा एकेकाला सोडायचे. काकूंनी आपली पाळी कधी मागितली नाही. अनुया डबा घ्यायची, खायची, रिकामा डबा परत द्यायची. बोलायची मात्र नाही. अनीश मध्ये पडायला गेला तर काकूंनीच त्याला गप्प केलं. "तिला नको बोलायला लावूस. ती बरोबर आहे."

त्या खुर्चीवर बसून काकूंनी फार काही मागितलं नाही. आधी मागितलं होतं, की नात मांडीवर झोपावी. आता म्हणत होत्या, ती कुठंही झोपू दे, माझ्याकडे कधीच येऊ नये असं असेल तर तसं, फक्त झोपून उठू दे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन अनुयाला म्हणाले, "औषध लागू पडतंय. गावाकडे पहिलं इंजेक्शन वेळेत मिळालं, त्यानं खूप फरक पडला." अनुयानं ऐकलं. काकूंनीही ऐकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. काकूंना कळत होतं, की वेळेत नेलं तेही आपणच आणि चार तास दडवलं तेही आपणच, आणि ह्यातलं एक दुसऱ्यानं पुसलं जात नाही.

सहाव्या दिवशी क्षिप्राला साध्या वॉर्डात आणलं. दुपारी काकू डबा घेऊन दारात थबकल्या. क्षिप्रा उशीला टेकून बसली होती, गालफडं बसलेली, हाताला पट्टी. पायावरचे डाग काळपट पडले होते. अंगावरचा आमसुलाचा रंग केव्हाच धुतला गेला होता.

"आजी," तिनं हाक मारली. आवाज अगदी बारीक. "माझी दुपार राहिली ना?"

काकूंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी अनुयाकडे पाहिलं. अनुया खिडकीशी उभी होती. सहा दिवसांत ती सहा वर्षांनी थोराड दिसायला लागली होती. मग तिनं पलंगावरची चादर सारखी केली आणि सलाइनची नळी एका हातानं वर धरली. "वर बसा, आई. नळी मी धरते."

काकू चपला काढून पलंगावर चढल्या. क्षिप्रा हळूच सरकली, मांडीवर डोकं ठेवलं, दोनदा कूस बदलली आणि दहा मिनिटांत झोपली. काकू वाकून बघत राहिल्या. श्वास चालू आहे ना? झोपच आहे ना ही? त्यांचा हात आपोआप तिच्या गालाकडे गेला, उठवायला. गालाशी थांबला. मग पांघरुणाखालून पायांकडे गेला.

"मीसुद्धा दर पाच मिनिटांनी तेच बघते," अनुया म्हणाली. "गरम आहेत. झोपू द्या तिला, आई."

काकूंनी मान हलवली. पण दोन्ही पावलं हातात धरली ती सोडली नाहीत.